आयर्लंडची टिटवी श्रूजबरीत

ये गं, अशी जवळ सरकून बस. आधी तो फोन उलटा ठेव. रविवारी तू जे केलंस ते मला अजिबात आवडलेलं नाही, आत्ताच सांगते. मी एवढ्या हौसेने तुला फोन केला, बातमी अगदी तोंडाशी आणली, आणि तू काय म्हणालीस? "मावशी, पक्षी बघून शेवटी मिळतं काय गं?" बरं, विचारलंस तर विचारलंस. उत्तर ऐकायला थांबावं की नाही? "चल, नंतर बोलू, ड्राइव्ह करतेय," म्हणून ठेवून दिलास. प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत पळायचं, ही तुझ्या आईची लहानपणापासूनची खोड. तिला त्यासाठी माझे दोन धपाटे मिळालेले आहेत. तू नेपरव्हिलला आणि मी श्रूजबरीला, माझा हात काही तिथवर पोचत नाही. म्हणून लिहून काढलं. आता हे पहिल्यापासून वाचायचं, मधलं गाळायचं नाही.

बातमीकडे येतेच. पण आधी आयर्लंड सांगायला हवं, नाहीतर तुला काही कळायचं नाही.

माझी लेक तिकडे नर्स, हे तुला ठाऊक. तिच्या बाळंतपणाला म्हणून गेले ती सहा वर्षं राहिले. गाव अगदी लहान, आग्नेयेच्या किनाऱ्याला. दिवसभर घरात मी आणि पाळण्यातलं बाळ. टीव्हीवरचं इंग्रजी अर्धं कळायचं, शेजाऱ्यांचं पाव. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक रान दिसायचं, शेजारच्या म्हातारबुवांचं. पहिल्याच थंडीत एका सकाळी त्या रानात मला टिटव्या दिसल्या. एक-दोन नाहीत, शे-दोनशे असतील.

मी कराडची, कृष्णाकाठची. टिटवी मला नवी नाही. नदीच्या वाळवंटात आम्ही पोरी गेलो की ती डोक्यावर घिरट्या घालत अशी भांडायची, जणू तिचंच गाव लुटायला आलोय. स्वतः अंडी उघड्यावर घालायची आणि वर आमच्या नावाने ओरडायचं. टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर आपणच झेलावं म्हणून. पण ही आयर्लंडची टिटवी म्हणजे आपल्या टिटवीची शहरात दिलेली बहीण. डोक्यावर मागे वळलेला लांब तुरा. पाठ लांबून काळी, पण ऊन पडलं की हिरवी, जांभळी, पैठणीचा पदर हलवावा तशी. शेपटीखाली तांबूस. आणि उडणं! बाकीचे पक्षी पंख मारतात, ही सुपाने पाखडते. पंख रुंद आणि टोकाला गोल. फडक, फडक, एकदा काळं दिसतं, एकदा पांढरं. ते उडणं ज्याने सहा हिवाळे पाहिलं तो झोपेतसुद्धा चुकायचा नाही.

मी कुंपणाशी उभी राहून बघायची. म्हातारबुवा गुरांना बघायला यायचे. त्यांचं इंग्रजी मला कळेना, माझं त्यांना. पण पक्ष्यांवरून आमचं उत्तम जमलं. ते हाताने दाखवायचे, मी मान हलवायची. त्यांनी एक जुनं चित्रांचं पुस्तक दिलं. वाचता येईना म्हणून मी चित्रांखालची नावं आधी नुसती गिरवली, मग वाचली, मग पाठ केली. सातवीपर्यंतच शाळा झाली माझी. आठवी त्या कुंपणाशी झाली असं समज.

भाऊ दर वर्षी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर पाठवायचा. त्याच्या चौकोनांत मी लिहायला लागले. गॅस कधी लावला, बाळाला दात कधी आला, आणि खाली पक्षी. पाकोळ्या वैशाखात आल्या, आषाढ सरायच्या आत गेल्यासुद्धा, म्हणजे माहेरपणाइतक्याच राहिल्या. पितृपक्षात भिंगऱ्या विजेच्या तारांवर ओळीने बसायच्या आणि घटस्थापना होते न होते तोच तारा रिकाम्या. कोजागिरीच्या सुमाराला ग्रीनलंडहून रानहंस यायचे, आभाळभर कलकलाट. दिवाळीच्या तोंडावर लाल काखेचे थ्रश यायचे, आइसलंडचे, आणि आल्या आल्या लाल फळांच्या झुडपांवर तुटून पडायचे. टिटव्या थोड्याफार असायच्याच, पण थवे यायचे मार्गशीर्ष-पौषात. म्हातारबुवांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. टिटवीचं पोट म्हणजे मऊ माती. चोच खुपसायची, गांडूळ ओढायचं. पूर्वेकडे जमीन गोठली की तिचा धंदा बंद, मग ती पश्चिमेला सरकते. थंडी पाठीमागे आणि टिटवी पुढे. हे लक्षात ठेव.

मग मुलगा म्हणाला, "आई, ताईकडे खूप झालं, आता इकडे," आणि मी अमेरिकेत, या श्रूजबरीला आले. इथे काय ते तुला सांगायला नको. घरं छान, माणसं गाड्यांत. वाचनालयाच्या पाटीवर नातीने वाचलं की दर शनिवारी सकाळी पक्षी बघायला एक गट निघतो. मी म्हटलं, मला घाल त्यात. मुलगा म्हणाला, "आई, आपल्या लोकांचा भजनाचा ग्रुप आहे ना." म्हटलं, तिथेही जाईन, दुपारी.

गटात दहा-बारा जण, सगळे रिटायर्ड. त्यांचे म्होरके शाळेत सायन्स शिकवायचे, ऐंशीच्या घरातले, उंच, नाकाने वाकडे. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणते. त्यांच्याकडे गटाची वही. कोणी काय पाहिलं ते सगळं त्यात चढतं, आणि वर्ष संपलं की त्यातून पक्की यादी निघते आणि राज्याच्या नोंदीला जाते. नात मला 'आज्जी' म्हणते म्हणून सगळा गटच मला 'आजी' म्हणायला लागला. पहिले काही महिने फार मानाचे गेले. आणि मग या वर्षीच्या रामनवमीला मी माती खाल्ली.

काय झालं, सांगते. एका गवळ्याच्या जुन्या गोठ्यात दर वसंतात भिंगऱ्या घरटी करतात. त्या कधी येतात अशी चर्चा निघाली. आयर्लंडच्या माझ्या कॅलेंडरांत दोन वर्षं भिंगरी बरोबर रामनवमीला आलेली. मी छाती काढून सांगितलं, "आय नो. आवर गॉड्स बर्थडे. दॅट डे शी कम्स." बिचारे सगळे आले गं! मी डबाभर सुंठवडा नेलेला. गोठ्यापुढे गुडघाभर बर्फ, वारा असा की डोळ्यातलं पाणी गालावरच गारठावं, आणि भिंगरीचा पत्ता नाही. एक तास उभे होते. एक बाई सुंठवडा खाऊन अशी खोकली की उरलेले पक्षीही उडाले.

भिंगऱ्या आल्या त्यानंतर तीन आठवड्यांनी.

घरी येऊन मी सगळी कॅलेंडरं काढून बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. यंदा श्रावण अधिक. अधिक महिना यायच्या आधी आपले सण सरकत सरकत पार अलीकडे आलेले असतात. रामनवमी मार्चमध्येच पडली होती! तिथी चंद्राची, भिंगरी सूर्याची. बाई, जन्मभर अधिकमासात अनारशांचं वाण जावयाला दिलं, आणि हा हिशोब मला सुचू नये? हसू नकोस.

मास्तर मोठ्याने काही बोलले नाहीत. तीच तर पंचाईत. बोलले असते तर भांडले असते.

त्या उन्हाळ्यात नातीला शाळेसाठी कसलेसे सेवेचे तास भरायचे होते. मास्तरांनी तिला वही कॉम्प्युटरवर चढवायला दिली. एक दिवस ती जेवताना म्हणाली, "आज्जी, डोन्ट गेट मॅड, ओके? पण तुझ्या प्रत्येक बर्डच्या पुढे क्वेश्चन मार्क आहे."

"प्रत्येक?"

"सिन्स एप्रिल. ऑल ऑफ देम."

"त्याने काय होतं?"

"वर्षाच्या शेवटी क्वेश्चन मार्कवाले काढून टाकतात. दे जस्ट डोन्ट काउंट."

मुलगा म्हणाला, "जाऊ दे ना आई, हॉबी आहे. टेन्शन कशाला घेतेस?" त्याने कंपनीत कॉम्प्युटरवर लिहिलेला पहिला कोड कोणी कचऱ्यात टाकला असता तर मी म्हटलं असतं का, जाऊ दे, हॉबी आहे? मी ताट बाजूला सारलं. पहाटे उठून, गुडघ्याला पट्टा बांधून, धुक्यात उभं राहून पाहिलेला एकेक पक्षी. चुकले मी एकदा, भिंगरीच्या बाबतीत. पण बाकीचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. डिसेंबर संपला की मी त्या वहीत नव्हतेच, असं होणार होतं. मी ठरवलं, वर्ष सरायच्या आत एक तरी ओळ अशी घालायची की पुढे ते वाकडं चिन्ह टाकायची कोणाची छाती होऊ नये.

ठरवून काय होतं? पक्षी काही ऑर्डर देऊन येत नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. मी काहीही सांगितलं की मास्तर गोड हसून लिहायचे, आणि पेन शेवटी तेवढं वळायचं. ते मला आता लांबूनही ओळखू यायचं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, तीन दिवस पूर्वेचं वादळ लागलं. समुद्रावरून सरळ आत. कुंपणाच्या फळ्या गेल्या, वीज गेली. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी उघडलं. आपल्याकडे तुळशीच्या लग्नाचे दिवस, कार्तिक शुद्ध द्वादशी. सूनबाई म्हणाली, चला, ऊस आणि आवळे आणू. आम्ही निघालो. गावाबाहेर कापणी झालेलं मक्याचं शेत आहे, त्याच्या कडेने गाडी जात होती. आणि शेतावर कोणीतरी सुपाने पाखडलं.

मी किंचाळले, "थांबव!"

"आई, मागे गाड्या आहेत!"

"असू देत. थांबव म्हणते ना!"

तिने पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. मागचा एक जण हॉर्न वाजवून आणि वर हातवारे करून गेला. मी काच खाली केली. काळं, पांढरं, काळं, पांढरं. गोल पंख. खाली उतरली, चार पावलं पळाली, थांबली. आणि वाऱ्याने तुरा उभा राहिला. अगं, मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले. माहेरचं माणूस परक्या बसस्टँडवर दिसावं तसं.

"सूनबाई, ही टिटवी आहे. आयर्लंडची."

"आई, आयर्लंड कुठे, आपण कुठे?"

"वादळाला विचार."

फोटो काढला. त्यात अर्धं माझं बोट आलं, उरलेल्यात शेत, आणि शेतात एक तीळ. सूनबाईने मोठा करून पाहिला तर तिळाचा वाटाणा झाला. तोवर ती उडून टेकाडामागे गेली.

घरी येऊन मास्तरांना फोन लावला. नात मध्ये दुभाषी म्हणून बसली. मी सगळं सांगितलं. ते फार मायेने बोलले, आणि ती मायाच मला लागली. नात म्हणाली, "आज्जी, ही सेज मेबी इट्स अ लेट किलडिअर."

किलडिअर म्हणजे इथली टिटवी समज. शेतातच असते, छातीवर दोन काळे पट्टे, लांब शेपूट, पंख टोकदार. थंडी पडली की बहुतेक दक्षिणेला जातात, एखादी मागे रेंगाळते. चूक होण्यासारखी जागा आहे खरी. पण किलडिअर सुरी फिरवल्यासारखी उडते. सूप नाही ते.

मी नातीच्या हातातून फोन घेतला. "नो किलडिअर," म्हटलं. "आय नो धिस बर्ड सिक्स विंटर्स. टुमॉरो सॅटर्डे. ऑल कम."

सगळे आले. माझ्या शब्दाखातर आले की दुसरं काम नव्हतं म्हणून आले, ते विचारलं नाही मी. रात्रीतून पारा असा उतरला होता की पायाखाली शेत काचेसारखं वाजत होतं. अकरा जण दुर्बिणी लावून उभे. मुलगा सोडायला आलेला, तो गाडीतच हीटर लावून बसला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. कावळे. एक ससाणा. बाकी मक्याची खुंटं. ती सुंठवड्यावाली बाई पर्समधून खोकल्याची गोळी काढून चघळायला लागली, आणि मला रामनवमी आठवली. तिलाही आठवली असणार. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, इतकी चांगली आहे.

मास्तर हळूच म्हणाले, "आजी, इट्स ओके. इट हॅपन्स."

नात माझा हात ओढत होती. "आज्जी, चल ना. इट्स फ्रीझिंग."

फ्रीझिंग! त्या पोरीने तो शब्द म्हटला आणि मला कुंपणापलीकडचे म्हातारबुवा दिसले, काठीने जमीन ठोकणारे. जमीन दगड झाली की टिटवी इथे काय करील? उभी राहून उपाशी मरील? मऊ माती शोधेल. आणि अशा थंडीत मऊ माती कुठे? आयर्लंडला असं गोठलं की सगळ्या टिटव्या म्हातारबुवांच्या गोठ्यामागे जमायच्या. शेणाचा ढीग आतून तापतो, त्याच्या भोवतीची जमीन कधी गोठत नाही, आणि गांडुळं म्हणाल तर तिथे मेजवानी.

आणि शेणाचा ढीग कुठे आहे ते अख्ख्या श्रूजबरीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक? वादळाच्या आदल्याच दिवशी मी तिथे बादली घेऊन गेले होते! तुळशीच्या कुंडीखालचा पाट सारवायला शेण नको? सूनबाई म्हणत होती, "आई, वॉल-टू-वॉल कार्पेट आहे हो." म्हटलं, पाटापुरतं तर. तो गवळी एवढा हसला होता की त्याला बाकावर बसावं लागलं. फुकट दिलं वर.

"डेअरी!" मी ओरडले. "कम! ऑल कम! काऊ-डंग!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला की थंडीने बिचारीचं डोकं... पुढचं त्याने गिळलं. मी कुणाला समजावत बसले नाही. मुलाच्या गाडीत जाऊन बसले आणि म्हटलं, "चल गवळ्याकडे."

"आई, आता पुरे गं. घरी जाऊ."

"तुला चल म्हटलं ना? की मी चालत जाऊ?"

त्याला माहीत आहे, मी गेले असते. मागे वळून पाहिलं तर सगळ्यांच्या गाड्या मागून. वरात.

गोठ्यामागे ढिगातून वाफ निघत होती. खालची जमीन काळी, ओली, लोण्यासारखी. सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. आणि त्या काळ्या जमिनीवर, सगळ्यांना दिसेल अशी, एक किलडिअर पळाली. मागून दुसरी.

कोणीतरी सुस्कारा सोडला. मास्तरांनी दुर्बीण खाली केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "देअर शी इज. लेट किलडिअर. टू ऑफ देम. गुड थिंकिंग, आजी." अगदी मनापासून. विझत्या निखाऱ्यावर हलकेच पाणी घालावं तसं. वही काढली. पेनचं टोपण काढलं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात नांगराच्या एका सरीतून तिसरी उभी राहिली.

दोन्ही किलडिअरपेक्षा डोक्याने उंच. आधी तुरा वर आला, मग ती आली. दोन पावलं पुढे आली, तिरकी झाली, आणि सूर्य नेमका त्याच वेळी गोठ्याच्या छपरावरून वर आला. पाठीवर हिरवं चढलं, मग जांभळं. गाईंचा रवंथ ऐकू येत होता.

मग मास्तर बोलले. ते काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, शाळेतल्या माणसाने बोलू नये असं. नात खिदळली. त्यांनी दुर्बीण खाली केली, पुन्हा लावली. "सिक्स्टी इयर्स," ते म्हणाले. साठ वर्षं ते या भागात पक्षी बघतात आणि ही त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी कानटोपी काढली. एवढ्या थंडीत! पांढरे केस उभे राहिले, त्यांनाही तुराच आला म्हण ना.

आणि मी काय केलं? मी टाळ्या पिटल्या. खरंच गं, लहान पोरीसारख्या. टिटवी दचकून उडाली, सगळे "शूऽऽ!" म्हणून ओरडले, ती गोठ्यावरून एक फेरी मारून, सूप पाखडून दाखवून, परत तिथेच उतरली. तेव्हा कोठे मास्तर म्हणाले, "दॅट फ्लाइट! यू टोल्ड मी. लाइक धिस." आणि हातवारे करून माझं सूप त्यांनी करून दाखवलं. अकराच्या अकरा जण गोठ्यामागे उभे राहून पाखडायला लागले. तो गवळी बादली घेऊन बाहेर आला आणि पुन्हा बाकावर बसला.

मुलगा हीटर सोडून कधी खाली उतरला मला कळलंच नाही. माझ्या मागे उभा राहून फोनवर कोणाला तरी सांगत होता, "अरे यार, माय मॉम फाउंड इट. हो, माझी आई!" हॉबी म्हणणारा हाच.

मास्तरांनी वही माझ्यासमोर धरली. मराठीत सांगायचं तर ते म्हणाले, "तुम्ही सापडवलीत, तुम्हीच लिहा." माझं इंग्रजी अक्षर तुला माहीत आहे, कोंबडी चालल्यासारखं. पण लिहिलं. पक्ष्याचं नाव, जागा, वेळ. बोटं बधिर, पेन घसरत होतं. तारखेच्या रकान्यात तारीख घातली आणि शेजारी लहान अक्षरांत देवनागरीत 'कार्तिक शु. १३' असंही घातलं. त्यांनी विचारलं, हे काय? म्हटलं, चंद्राची तारीख. टिटवीला नाही लागत, मला लागते. ते हसले. ओळ संपली तिथे त्यांनी पेन टेकवलं. माझा जीव वर. एक टिंब दिलं त्यांनी, फक्त टिंब. पूर्णविराम.

त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले, वही घेऊन. सूनबाईने आल्याचा चहा केला. एप्रिलपासूनची माझी एकेक नोंद काढून त्यांनी मला विचारलं, कुठे होती, कशी उडाली, चोच कशी, ओरडली कशी. नात भाषांतर करून दमली. विसातली अठरा चिन्हं त्यांनी पेनने खोडली. दोन ठेवली. आणि तुला म्हणून सांगते, ती दोन माझी चूकच होती, मला आधीपासून शंका होती. ठेवू दे. अठरा आणि एक एकोणीस! वही बंद करून ते म्हणाले, "माय मिस्टेक, आजी." मी म्हटलं, "माय ऑल्सो. रामनवमी." आम्ही दोघं एवढे हसलो की सूनबाई चहाची गाळणी घेऊन बघायला आली.

आता अख्ख्या राज्यातून लोक येताहेत. तोफेसारख्या दुर्बिणी घेऊन. गवळ्याने गोठ्याशी पाटी लावली आहे, बाण काढून. काल एक जण दोन राज्यं ओलांडून आला होता, त्याने मला विचारलं, पक्षीशास्त्र कुठे शिकलात? मी म्हटलं, किचन विंडो. त्याला पटलं नाही बहुतेक. आणि ती पोरगी, जी घरात मराठीत एक वाक्य धड बोलत नाही, ती लोकांना सांगत होती, "इट्स टिटवी. से इट. टि-ट-वी." एक गोरे काका तोंड वाकडं करून म्हणून बघत होते.

ही आयर्लंडची की इंग्लंडची की आणखी पलीकडची, ते कोणी सांगू शकत नाही. एकटीच आहे, तेवढं मनाला लागतं. पण खाऊन-पिऊन खडखडीत आहे, त्या दोन किलडिअरना दटावून ढिगाची उबदार बाजू तिने घेतली आहे. माझी खात्री आहे, तीही कोणाला घाबरणारी नाही.

एक सांगते. पुढच्या आठवड्यात मोठी थंडी येते आहे म्हणतात, बर्फही. मग ढिगाकडेची जमीनही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. जमीन आवळली की ती निघणार, थंडीच्या पुढे राहायचं हाच तिचा नेम. म्हणून तू सुट्टीची वाट बघू नकोस. येत्या शुक्रवारचं तिकीट काढ, विमानतळावर मुलगा येईल घ्यायला. तुझ्यासाठी बूट आहेत इथे, नातीचे, तुझ्याच मापाचे. गरम मोजे तेवढे आण. शनिवारी पहाटे मी तुला गोठ्यामागे उभी करते, मग तूच बघ. लवकर ये गं.